चेहरा ओव्हर गेलाय? आधी बघा नक्की काय उडालंय

मागे गडद झाडी, समोर माणूस अर्ध्या उन्हात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसलं, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर कपाळ, नाकाचा शेंडा आणि एका बाजूचा गाल पांढराफटक, म्हणजेच ओव्हर, गरजेपेक्षा जास्त उजेड. माझं हे इतक्या वेळा झालंय की मोजणं सोडून दिलंय. मग आपण काय करतो, सॉफ्टवेअर उघडतो, हायलाइट्सचा (म्हणजे उजळ भागांचा) स्लायडर पकडतो आणि थेट उणे १०० वर नेऊन ठेवतो. कधी गाल मस्त परत येतो. कधी मात्र गालावर कुणी राखेचं बोट फिरवल्यासारखा करडा डाग उमटतो आणि तो आधीच्या पांढऱ्यापेक्षा भयानक दिसतो. स्लायडर तोच, सॉफ्टवेअर तेच, मग एकदा जमतं आणि एकदा का नाही?

कारण नुसता उजळ भाग आणि उडालेला भाग दिसायला सारखेच असतात, पण आतून एकदम वेगळे.

तानकाटा डोळ्यासमोर आणा, तो लटकवून वजन करायचा, ५ किलोपर्यंतचा. ३ किलो लावलं की काटा ३ वर, साडेचार लावलं की साडेचारवर. आता त्याला ६ किलो लावा, ९ लावा, २० लावा, काटा ५ वर टेकून गप्प बसणार. नंतर नुसत्या काट्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही की खाली नेमकं किती लटकलं होतं. सेन्सरवरचा (कॅमेऱ्यातल्या उजेड नोंदवणाऱ्या चिपवरचा) प्रत्येक पिक्सेल म्हणजे असा एक तानकाटा आणि प्रकाश म्हणजे वजन. गालावर एका ठिकाणी ६ आणि शेजारी ९ असं ऊन असेल तरी दोन्ही ठिकाणी नोंद ५ चीच, म्हणजे दोघांतला फरक गेला, आणि त्वचेचा पोत, गालाची गोलाई हे सगळं त्या फरकातच असतं. स्लायडर ओढून तुम्ही ५ चा ४ करू शकता पण सगळीकडेच ४ होणार, म्हणून तो सपाट करडा डाग.

आता यात एक गंमत आहे, काटा एक नसतो, तीन असतात. लाल, हिरवा, निळा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर या रंगांच्या फिल्टरची जाळी असते, दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी ही मांडणी केली, पेटंट १९७६ चं, आणि अजूनही तीच चालते. आणि माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो, काळी असो, साध्या पांढऱ्या उजेडात तिच्यात लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. म्हणजे उजेड वाढत गेला की आधी लाल काटा टेकतो. लाल तिथेच अडकला आणि हिरवा मागून वर येत राहिला तर रंग कुठे सरकणार? पिवळ्याकडे. म्हणून तर उडालेल्या पॅचच्या कडेला ती आजारी पिवळसर किनार दिसते. पुढे हिरवाही टेकला, शेवटी निळाही टेकला की मग शुद्ध पांढरं. एकदा हे लक्षात आलं की फोटो बघूनच कळायला लागतं: पिवळं आहे तिथे अजून जीव आहे, पांढरं आहे तिथे बहुतेक नाही.

पण बहुतेक का म्हणालो, तर रॉ आणि जेपेगचा फरक: रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या, आणि कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने कॉन्ट्रास्ट वगैरे लावून बाकीचं फेकून दिलेलं असतं. १४ बिटच्या रॉमध्ये पायऱ्या १६,३८४, आणि सेन्सर प्रकाश सरळ पटीत मोजत असल्यामुळे त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२, सगळ्यात वरच्या एकाच स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बसलेल्या असतात. त्यामुळे रॉमध्ये उजळ भागात ठासून माहिती असते, फक्त काटा टेकलेला नको. वर आणखी एक सवलत, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जो काळा-पांढरा लुकलुकणारा इशारा येतो ना, तो बहुतेक कॅमेऱ्यांत जेपेग प्रिव्ह्यूवरून काढलेला असतो, रॉवरून नाही. म्हणजे स्क्रीन लुकलुकतेय पण रॉमध्ये गाल शाबूत आहे असं पुष्कळदा होतं. किती वाचेल हे कॅमेऱ्यावर आहे, साधारण एखादा स्टॉप धरून चाला, त्याहून जास्तीची आशा ठेवून फोटो काढू नका.

दिवसाच्या उजेडात तर अजून एक छुपी सूट मिळते. सेन्सरला हिरवा जास्त दिसतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल) जमवताना सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याला कसल्यातरी आकड्याने गुणतं. गुणाकारानंतर स्क्रीनवर लाल टेकलेला दिसतो पण मूळ फाइलमध्ये तो टेकलेलाच नसतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात हे उलटं, तिथे लाल खरोखरच जातो. म्हणून रॉ असेल तर घाबरायच्या आधी व्हाइट बॅलन्स नीट करा, एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) एक स्टॉप खाली घ्या आणि मग बघा काय उरलंय.

बघायचं कसं? लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरची J दाबा, टेकलेला भाग लाल रंगाने झाकलेला दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा आणि व्हाइट्सचा स्लायडर पकडा, स्क्रीन काळी होते आणि जिथे काटे टेकलेत तेवढंच उमटतं. लाल ठिपके दिसले तर फक्त लाल गेलाय, पिवळे म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही, पांढरे म्हणजे तिन्ही. डॉक्टरने नाडी बघावी तसं मी हे सगळ्यात आधी करतो, पुढचे पाच सेकंद वाचवायला हे टाळणाऱ्यांचे पुढे अर्धा-अर्धा तास जातात. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन वेगळे इंडिकेटर आहेत, एक स्क्रीनवरच्या चित्राचा आणि एक खुद्द रॉचा, आणि तो दुसरा खरं बोलतो. जेपेग असेल तर फोटोशॉप किंवा गिंपमध्ये चॅनेल्सचं (लाल, हिरवा, निळा यांच्या वेगवेगळ्या चित्रांचं) पॅनेल उघडून एकेक चॅनेल एकटं बघा, तिघांपैकी एकात जरी गालाची गोलाई दिसत असली तर बरंच काही वाचवता येतं, त्याकडे येतोच.

आधी सोपी केस, रॉ आहे आणि काटे टेकलेले नाहीत. इथे सगळं काम स्लायडरवर होतं पण क्रम महत्त्वाचा. आधी एक्सपोजर कमी करा, चेहरा ठीक दिसेपर्यंत, भले बाकी फोटो काळपट होऊ दे. मग हायलाइट्स खाली, मग शॅडोज वर घेऊन बाकीचा फोटो उचला, आणि शेवटी व्हाइट्स किंचित वर, नाहीतर चेहरा मळकट वाटतो. हायलाइट्स उणे १०० वर नेऊ नका, मी बहुतेक वेळा उणे ३० ते ६० मध्ये थांबतो. हा स्लायडर उजळ भागातले फरक दाबून जवळ आणतो, आणि नाक-गाल वर आलेले दिसतात ते त्या फरकांमुळेच, ते दाबले की चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट. केसांच्या कडेला भुरकट वलय यायला लागलं तर समजा की जास्त झालं. तरी कपाळ उजळ राहिलंच तर तेवढ्यापुरता मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारं झाकण) तयार करा, ब्रशने रंगवा आणि ल्युमिनन्स रेंजने (उजेडाच्या पातळीनुसार निवड) फक्त उजळ भागापुरता आवळा, त्या मास्कमध्ये एक्सपोजर थोडं खाली आणि सोबत टेंपरेचर आणि सॅच्युरेशन चिमूटभर वर. ही चिमूट लोक विसरतात. वाचवलेली त्वचा जवळपास नेहमीच रंगाने फिकी असते, उजेड बरोबर केला तरी माणूस आजारी दिसतो आणि मग कळत नाही काय चुकलंय.

(जुने धडे वाचत असाल तर त्यात रिकव्हरी नावाचा स्लायडर सापडेल. तो शोधत बसू नका, २०१२ साली लाइटरूम ४ आलं तेव्हा तो जाऊन त्याजागी हे हायलाइट्स-व्हाइट्स आले.)

डार्कटेबलवाल्यांसाठी, हायलाइट रिकन्स्ट्रक्शन नावाचं मॉड्यूल रॉच्या पातळीवरच काम करतं. आता त्याची डीफॉल्ट पद्धत इनपेंट ऑपोज्ड आहे, जे काटे टेकलेले नाहीत त्यांच्यावरून टेकलेल्याचा अंदाज बांधते, त्वचेला बऱ्यापैकी चालते. एलसीएच नावाची पद्धत ढगांना वगैरे ठीक, चेहऱ्याला लावली की रंगच उडतो. रॉथेरपीमध्येही असेच तीन-चार पर्याय मिळतात, एकेक करून बघायचे, दोन्ही फुकट आहेत.

आता खरी मजा. जेपेग आहे, कुणीतरी मेसेजवर पाठवलेलं, रॉ मिळणार नाही, आणि लाल चॅनेल पार उडालाय पण हिरव्यात गाल स्वच्छ दिसतोय. अशावेळी हिरव्याकडून उजेडाचा नकाशा उसना घ्यायचा. फोटोशॉपमध्ये लेयरची (फोटोच्या थराची) कॉपी करा, इमेज मेनूत अप्लाय इमेज उघडा, चॅनेलमध्ये ग्रीन निवडा, ब्लेंडिंग नॉर्मल. लेयर ब्लॅक अँड व्हाइट होईल, घाबरू नका, लेयरचा ब्लेंड मोड (थर खालच्यात कसा मिसळायचा ते) ल्युमिनॉसिटी करा. रंग खालच्या लेयरचा आणि उजेड-सावली हिरव्या चॅनेलची असं मिश्रण तयार होतं. आता या लेयरला काळा मास्क लावा आणि मऊ ब्रशने पांढरं फिरवत फक्त उडालेल्या भागावर हळूहळू उघडा, अख्ख्या चेहऱ्यावर नको कारण हिरव्या चॅनेलमध्ये ओठ, पुरळ, डाग सगळं गडद दिसतं. गिंपमध्ये हेच मोनो मिक्सरने होतं, हिरवा १ आणि बाकी दोन शून्य, आणि लेयर मोड ल्युमिनन्स. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला विश्वास बसेना, जो गाल मी गेला म्हणून सोडून दिला होता त्याच्यावरची लव दिसायला लागली. अर्थात पिवळसरपणा तसाच राहतो, कारण रंग अजून बिघडलेल्या लेयरचाच आहे. त्यासाठी वर एक रिकामा लेयर, मोड कलर, शेजारच्या चांगल्या त्वचेचा रंग आयड्रॉपरने उचलून कमी ओपॅसिटीने (म्हणजे पातळ, अर्धपारदर्शक) फिरवा, झालं.

तिन्ही काटे टेकले असतील तर मात्र वाचवायला काहीच नाही. तिथे जे काय करणार ते रंगकाम आहे हे स्वतःशी कबूल केलं की डोकं शांत राहतं आणि हात नीट चालतो. लोक इथेही तोच कलर मोडचा लेयर घेतात, रंग फासत राहतात आणि काहीच दिसत नाही म्हणून वैतागतात. कसं दिसणार? कलर मोड खालचा उजेड जसाच्या तसा ठेवतो, आणि पूर्ण उजेडाला एकच रंग असू शकतो, पांढरा. म्हणून इथे मोड डार्कन घ्या. डार्कन फक्त तिथेच चालतो जिथे खालचं तुमच्या रंगापेक्षा उजळ आहे, म्हणजे आपोआप उडालेल्या भागातच रंग बसतो आणि कडेची चांगली त्वचा वाचते. आयड्रॉपरचं सॅम्पल साइज ११ बाय ११ सरासरीवर ठेवा, नाहीतर एखाद्या रोमछिद्राचा काळा रंग उचलला जाईल. रंग पॅचच्या कडेला जी सगळ्यात उजळ पण शाबूत त्वचा आहे तिथून घ्या, एकाच जागेचा नको, वरच्या कडेचा वर, खालच्या कडेचा खाली, मोठा मऊ ब्रश, ओपॅसिटी १०-१५ टक्के आणि अनेक हात. आणि मध्यभाग थोडा उजळ राहू द्या, ऊन तिथे पडलं होतं ना, ते पुसायचं नाहीये, फक्त जळलेपण काढायचंय.

एवढं केल्यावर गाल प्लास्टिकचा दिसेल, कारण रंग आला पण पोत नाही. इथे क्रमाचा दुसरा धडा. हीलिंग ब्रश पोत घेतो तुम्ही दाखवाल तिथला, पण रंग आणि उजेड जुळवतो जिथे लावाल तिथला. सरळ पांढऱ्या पॅचवर हीलिंग फिरवलं तर तो पांढऱ्याशीच जुळवून घेतो आणि तुम्ही म्हणता हीलिंग चालत नाही. आधी डार्कनने रंग, मग नवीन लेयरवर हीलिंग, सॅम्पल करंट अँड बिलो ठेवून, पोत त्याच चेहऱ्यावरून. पण गालाला गालाचा पोत द्या, कपाळाचा नको, छिद्रांचा आकार वेगळा असतो आणि का खटकतंय हे बघणाऱ्याला कळत नसलं तरी खटकतं. शेवटी एक ५० टक्के करड्याने भरलेला लेयर, मोड ओव्हरले, त्यावर २-३ टक्के मोनोक्रोमॅटिक नॉइझ (एकरंगी दाणे), फक्त दुरुस्त केलेल्या भागापुरता, म्हणजे बाकी फोटोतल्या दाण्याशी जुळतं. हे सगळं १६ बिट मोडमध्ये केलेलं बरं, ८ बिटमध्ये सौम्य छटांवर पट्टे उमटतात.

आजकाल यासाठी एआयवालं जनरेटिव्ह फिल आहे, सिलेक्ट करा आणि बटण दाबा. करून बघितलंय. छान, गुळगुळीत, पटणारी त्वचा येते, पण ती त्या माणसाची नसते, गालावरचा तीळ जातो, हसताना पडणारी खळी किंचित सरकते. छोट्या पॅचला, केसांच्या मागच्या भिंतीला ठीक. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या आसपास मी नाही वापरत, घरच्या माणसाला फोटो दाखवला की तो लगेच म्हणतो काहीतरी वेगळं वाटतंय.

आणि तेलकट चमक हे प्रकरण वेगळंच. नाकावर, कपाळावर घामाने जी चमक येते ती त्वचेचा उजेड नाही, ती लाइटचं प्रतिबिंब आहे, आरशात दिसावं तसं. त्या ठिपक्यात त्वचेचा रंग जवळपास नसतोच, म्हणून स्लायडरने खाली ओढलं की तिथे करडा ठिपका. याला उपाय म्हणजे त्वचेच्या रंगाचा लेयर चेहऱ्यावर टाकून ब्लेंड इफ वापरायचं: लेयर स्टाइलमध्ये खालच्या लेयरचा डावा त्रिकोण उजवीकडे ओढा, म्हणजे रंग फक्त उजळ भागावर उरतो, मग ऑल्ट दाबून त्रिकोण दोन भागांत फोडा म्हणजे कड मऊ होते. ओपॅसिटी अर्ध्याच्या आसपास. चमक पूर्ण घालवू नका, नाकावर जराही चमक नसलेला माणूस पावडरच्या डब्यात पडल्यासारखा दिसतो. डोळ्यातला तो पांढरा ठिपका, कॅचलाइट, त्याला तर हातच लावू नका. दागिन्याचं टोक, मागून ऊन पडल्यामुळे चमकलेली केसांची कड, चष्म्याच्या काडीवरची रेघ, हे सगळं टेकलेलं असलं तरी चालतं, तिथे माहिती नव्हतीच.

ओव्हर का जातं तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या वेळी हे सगळं करावंच लागलं नाही तर उत्तम. कॅमेऱ्याला चेहरा महत्त्वाचा आहे हे नेहमीच कळतं असं नाही, तो फ्रेमचा साधारण हिशोब करतो. मागे काळोख असला की त्याला वाटतं फोटो अंधारा आहे, तो उजेड वाढवतो, आणि बळी जातो चेहऱ्याचा. अशावेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशोबात उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे २/३ किंवा उणे १ ठेवा. काही कॅमेऱ्यांत हायलाइट वेटेड मीटरिंग (उजळ भाग सांभाळून उजेड मोजायची पद्धत) असतं, ते तर याच कामासाठी आहे. उलट फार अंडर (गरजेपेक्षा काळपट) काढून नंतर उचलायचं म्हटलं तर सावलीत नॉइझ येतो, तो परवडतो पण त्यालाही मर्यादा आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे माणसाला दोन पावलं सावलीत सरकवा, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

फोटो प्रिंट करणार असाल तर अजून एक काम बाकी राहतं. २५५ म्हणजे प्रिंटरसाठी शाई नाही, नुसता कोरा कागद, आणि इंकजेटच्या चकचकीत कागदावर शाई असलेला गाल आणि शाई नसलेला ठिपका यांची चकाकी वेगळी पडते, तिरकं धरलं की भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून एक्सपोर्टच्या आधी लेव्हल्समध्ये खालच्या पट्टीवरचा, आउटपुटवाला पांढरा त्रिकोण २५५ वरून २४५ च्या आसपास आणा, मास्क लावून चेहऱ्यापुरताच. वरच्या पट्टीवरचा हलवू नका, तो उलटं काम करतो, उरलेसुरले काटेही टेकवून टाकतो.